जुन्या फायबर बोटीच्या खिडक्यांची गळती: बाहेरून लेप पुरेसा आहे, की खिडक्या काढूनच बसवाव्या लागतील?

थेम्सकाठी

नमस्कार. इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ थेम्स नदीवर आम्ही एक जुनी केबिन बोट घेतली आहे. ती बावीस फूट लांबीची, फायबरग्लासची आणि १९७०च्या दशकात बांधलेली आहे. या नदीवर आणि इथल्या कालव्यांवर त्या काळातल्या फ्रीमन, नॉर्मन, शेटलंड अशा बनावटीच्या बोटी आजही मोठ्या संख्येने दिसतात, कारण फायबरचे मूळ कवच पन्नास वर्षांनंतरही सहसा उत्तम असते. आमच्याही बोटीचा तळ आणि बाजू भक्कम आहेत. प्रश्न खिडक्यांचा आहे.

केबिनच्या प्रत्येक बाजूला अल्युमिनियमच्या चौकटीतली एक स्थिर आणि एक सरकती खिडकी आहे. या चौकटी बाहेरून बसवून आतल्या कड्याने स्क्रूंनी आवळलेल्या आहेत. पुढच्या दोन काचा काळ्या रबरात बसवलेल्या आहेत. सर्वांत पुढे, नाळेकडच्या झोपण्याच्या जागेत, दोन्ही बाजूंना आधीच्या मालकाने ॲक्रिलिकची, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची, पत्री थेट फायबरवर बोल्टने बसवली आहे, आणि तिच्यात आता बारीक चिरांचे जाळे दिसते. पाऊस झाला की खिडक्यांखालच्या प्लायवुडच्या अस्तरावर काळे ओघळ उमटतात आणि गाद्यांच्या कडा भिजतात. सर्व चौकटींभोवती बाहेरून सिलिकॉनचे एकावर एक थर फासलेले आहेत, तरीही पाणी आत येतेच.

जुने सिलिकॉन खरवडून नवीन लेप द्यावा, की सर्व खिडक्या काढून पुन्हा बसवाव्यात? काढायच्या असतील तर कोणत्या खिडकीला कोणते सीलंट वापरावे? दुकानात इतके प्रकार आहेत की निवड करणे कठीण झाले आहे.

खाडीवरचा

मी रायगड जिल्ह्यात फायबर बोटींच्या दुरुस्तीची कामे करतो. आमच्याकडे चार महिन्यांच्या पावसात खिडकीची परीक्षा फार कठोर होते, म्हणून अनुभवाने सांगतो की बाहेरून दिलेला लेप हा उपाय नाही. चौकट आणि फायबर यांच्या मधला मूळ मसाला (सीलंट) वाळून तुटला की पाणी फटीत शिरते. बाहेरचा लेप एका जागी टिकला तरी दुसऱ्या जागी सुटतो, आणि आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाट मात्र बंद होते. ते पाणी मग स्क्रूच्या भोकांतून केबिनमध्ये उतरते किंवा अस्तरामागे साचून लाकूड कुजवते.

मात्र खिडक्या काढण्याआधी पाणी नक्की कुठून येते ते शोधा. खिडकीखाली ओल दिसली म्हणजे खिडकीच गळते असे नाही. टपावरच्या हातकठड्याचे स्क्रू, दिव्याच्या तारेचे भोक, टप आणि बाजू जिथे जोडले आहेत ती कड, यांपैकी कुठूनही आलेले पाणी अस्तरामागून घरंगळत खिडकीच्या चौकटीवर येऊन थांबते आणि तिथून खाली टपकते.

त्यासाठी आधी आतले अस्तर काढा. खिडकीखाली आणि वर कोरड्या टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटवा. एकाने आत बॅटरी घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडावे. धार जोराची नको, आणि सुरुवात खालून करायची: प्रथम चौकटीच्या खालच्या कडेला काही मिनिटे, मग बाजूंना, मग वरच्या कडेला, आणि शेवटी टपावरच्या कठड्याला. वरून सुरुवात केली तर सगळेच भिजते आणि कशातूनच निष्कर्ष निघत नाही. दुसरी पद्धत अशी की बोटीची सर्व दारे-झाकणे बंद करून, वायुवीजनाच्या एका भोकातून पाला उडवण्याच्या यंत्राने आत हवा भरायची आणि बाहेरून चौकटींवर साबणाचे पाणी लावायचे. जिथे बुडबुडे येतील तिथे फट आहे.

आणखी एक गोष्ट तुमच्या हवामानासाठी विशेष महत्त्वाची आहे. अल्युमिनियम लवकर थंड होते आणि रात्री आत झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ त्यावर पाणी होऊन जमते. पाऊस नसताना सकाळी चौकट ओली दिसली तर ती गळती नसून दव धरलेले असते, आणि त्यावर सीलंटचा काही उपयोग नाही.

थेम्सकाठी

तुमचा सविस्तर प्रतिसाद फार उपयोगी पडला. सांगितल्याप्रमाणे अस्तर काढून चाचणी केली. डाव्या बाजूच्या स्थिर खिडकीच्या खालच्या कडेतून पाणी लगेच आत आले. उजव्या बाजूची स्थिर खिडकी मात्र पूर्ण कोरडी राहिली. तिथले पाणी कठड्याच्या दोन स्क्रूंमधून येत होते. सरकत्या खिडक्यांमध्ये चौकटीबाहेरून काहीच आले नाही, पण काचेवर पाणी सोडल्यावर खालची खाच भरली आणि आतल्या बाजूने ओसंडून वाहू लागली. पुढच्या काचांचे रबर दोन कोपऱ्यांत आखडून काचेपासून सुटले आहे. ॲक्रिलिकच्या पत्र्यांना जवळजवळ प्रत्येक बोल्टपाशी गळती आहे.

दक्षिणवारा

मी ऑकलंडला असतो. आमच्या जुन्या शिडाच्या बोटीला अशाच आवळकड्याच्या चौकटी आहेत, म्हणून त्यांच्याविषयी लिहितो.

सरकत्या खिडकीचे काम सर्वांत सोपे आहे, म्हणून ते आधी करा. खालच्या खाचेला बाहेरच्या बाजूने पाणी जाण्यासाठी लहान भोके असतात. ती शेवाळ आणि मातीने बुजतात. तारेने ती मोकळी करा, खाच ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने धुवा, आणि काच सरकते ती लवदार पट्टी झिजली असेल तर बदला. त्यानंतर बोट पाण्यात असताना ती पुढे झुकलेली आहे की मागे, ते पाहा. इंजिन, इंधन आणि पाण्याची टाकी मागे असली तर जुनी बोट मागे बसते, खाचेतले पाणी मागच्या टोकाला गोळा होते, आणि भोके पुढच्या किंवा मधल्या भागात असतील तर ते बाहेर जात नाही. अशा वेळी मागच्या टोकाला सुमारे पाच मिलिमीटरचे एक भोक नव्याने पाडावे लागते. ही खाच भरण्यासाठीच असते आणि तिचे पाणी बाहेर जाणे हेच तिचे काम आहे. तिच्यात सीलंट भरणे पूर्णपणे चुकीचे आहे.

स्थिर खिडकीसाठी आतले स्क्रू काढून आतले कडे सोडवा. स्क्रू गंजून अडकले असतील तर आदल्या रात्री पाझरणारे तेल सोडून ठेवा आणि डोके बिघडण्याआधी योग्य मापाचा स्क्रू ड्रायव्हर वापरा. कडे निघाल्यावरही बाहेरची चौकट जुन्या मसाल्याने धरून ठेवलेली असते. तिला पटाशीने उचकटू नका, कारण पातळ अल्युमिनियम एकदा वाकले की ते पुन्हा फायबरवर सपाट बसत नाही. प्लास्टिकच्या पाचरी कडेने थोड्या थोड्या सरकवा, मासेमारीची मजबूत दोरी कडेखालून करवतीसारखी ओढा, आणि हेअर ड्रायरची ऊब द्या.

चौकट हातात आल्यावर तिचा जोड तपासा. या चौकटी एकाच पट्टीला वाकवून बनवलेल्या असतात आणि तिची दोन टोके वर किंवा खाली मध्यभागी जोडलेली असतात. पुष्कळदा पाणी या जोडातून किंवा काच आणि चौकट यांच्यामधल्या आखडलेल्या रबरातून येते. तसे असेल तर चौकट फायबरवर कितीही चांगली बसवली तरी गळती थांबणार नाही.

बसवताना मी ब्युटाइलची चिकटपट्टी वापरतो. ती कधीच कडक होत नाही, त्यामुळे चौकट आणि फायबर उन्हाने कमी-जास्त पसरले तरी ती ताणली जाते, तुटत नाही. पट्टी चौकटीच्या कडेला सलग लावा, तिची टोके वरच्या बाजूला एकमेकांवर चढवा, आणि कोपऱ्यांत ती ओढून पातळ करू नका. आतले कडे लावून स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळा आणि थांबा. ब्युटाइल हळूहळू दबते, विशेषतः थंडीत. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडे आवळा, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा. एकाच बैठकीत पूर्ण आवळण्याची घाई केली तर चौकट वाकते. बाहेर आलेला मसाला लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने कापून काढा.

नवीन स्क्रू घेताना लांबी जुन्याइतकीच ठेवा, कारण लांब स्क्रूचे टोक चौकटीच्या दर्शनी पत्र्याला आतून ढकलते. स्टेनलेसचा स्क्रू अल्युमिनियमला लागला की ओलाव्यात अल्युमिनियम कुरतडले जाते, म्हणून स्क्रूच्या आट्यांना ड्युरालॅकसारखा रोधक लेप लावा. आतल्या कड्याखाली मात्र सीलंट अजिबात लावू नका. बाहेरची बाजू पुन्हा गळू लागली तर पाणी आत दिसले पाहिजे. ते दोन थरांमध्ये कोंडले गेले तर तुम्हाला कळेपर्यंत लाकूड गेलेले असेल.

रसायन

पॉलिमर हा माझ्या नोकरीचा विषय आहे, म्हणून सीलंटच्या निवडीविषयी लिहितो. या निवडीत ब्रँडपेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे आहेत: जोडातले दोन पदार्थ एकमेकांच्या तुलनेत किती हलतात, आणि सीलंटमधली रसायने त्यांपैकी कोणाला इजा करतात का.

ॲक्रिलिकचा प्रसरणांक काचेच्या सात-आठ पट आणि फायबरग्लासच्या जवळजवळ तिप्पट असतो. एक मीटर लांबीची ॲक्रिलिकची पत्री तापमान ३० अंश सेल्सिअसने वाढले की सुमारे दोन मिलिमीटर लांबते. फायबर तेवढ्याच लांबीत पाऊण मिलिमीटरच्या आसपास वाढते. म्हणजे दोघांत सव्वा मिलिमीटरचा फरक पडतो, आणि गडद रंगाची पत्री उन्हात अधिक तापत असल्याने तिथे तो आणखी वाढतो. तुमच्या पत्र्यांना बोल्टपाशीच गळती आहे याचे कारण बहुधा हेच आहे. भोक बोल्टच्या मापाचे आणि बोल्ट घट्ट आवळलेला असला की पत्रीला सरकायला जागा उरत नाही, सगळा ताण भोकाच्या कडेवर येतो, आणि तिथून चिरा सुरू होतात. सीलंटही दाबून इतके पातळ झालेले असते की तेवढ्या हालचालीत ते फाटते. तीन मिलिमीटर जाडीचा लवचीक थर ही हालचाल सहज सोसतो. अर्ध्या मिलिमीटरचा थर सोसू शकत नाही.

आता रसायनांविषयी. पॉलिसल्फाइड सीलंट लाकूड, काच आणि धातूसाठी उत्तम आहे आणि दीर्घकाळ टिकते, पण ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटला ते वापरू नये. त्यातल्या घटकांमुळे या प्लास्टिकला चिरा पडतात. नेहमीचे पॉलियुरेथेन सीलंट फार घट्ट धरते. त्यातले काही प्रकार इतके कायमचे चिकटतात की पुढे चौकट काढताना फायबरचा जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर, उखडतो, म्हणून जी वस्तू पुन्हा काढावी लागणार तिला ते लावू नये. शिवाय पारदर्शक पत्रीतून येणाऱ्या उन्हाने त्याचा चिकटलेला पृष्ठभाग खराब होतो. पत्री चिकटवण्यासाठी त्याचे अतिनील किरणांना टिकणारे वेगळे प्रकार मिळतात, आणि ते उत्पादकाने सांगितलेल्या प्रायमरसहच वापरायचे असतात.

ज्या सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा वास येतो, ते घट्ट होताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि त्याने अल्युमिनियम खराब होते. बोटीसाठी सिलिकॉन वापरायचेच असेल तर ते न्यूट्रल क्युअर, म्हणजे घट्ट होताना आम्ल न सोडणाऱ्या, प्रकारचे असावे. ॲक्रिलिकच्या पत्रीला माझ्या मते तेच सर्वांत योग्य आहे, कारण ते प्लास्टिकला इजा करत नाही आणि हालचाल चांगली सोसते.

जुन्या सिलिकॉनचा अवशेष ही वेगळीच अडचण आहे. त्याच्या अदृश्य थरावर दुसरे कोणतेही सीलंट, रंग किंवा ब्युटाइलसुद्धा नीट चिकटत नाही. घट्ट झालेले सिलिकॉन ॲसिटोनमध्ये विरघळत नाही. ते आधी प्लास्टिकच्या पात्याने खरवडून, मग बारीक पॉलिश पेपरने घासून, आणि शेवटी पुसूनच काढावे लागते. पृष्ठभाग स्वच्छ झाला का, हे पाण्याचा फवारा मारून पाहता येते: पाणी सलग पसरले तर ठीक, एखाद्या जागेवरून आक्रसून दूर झाले तर तिथे अवशेष शिल्लक आहे. ॲक्रिलिकला मात्र ॲसिटोन, थिनर किंवा अमोनिया असलेले काच पुसायचे द्रावण कधीही लावू नका. साबणाचे कोमट पाणी पुरते.

खाडीवरचा

रसायन यांच्या माहितीशी पूर्ण सहमत आहे. मी मात्र एक पाऊल पुढे जाऊन सुचवेन की अल्युमिनियमच्या चौकटी काढून टाका आणि सर्व स्थिर खिडक्यांना जाड ॲक्रिलिकच्या पत्र्याच बसवा. पन्नास वर्षांच्या चौकटीचा जोड, तिच्यातले रबर, कुरतडलेले स्क्रू या प्रत्येक गोष्टीवर वेगळा खर्च होतो. पत्रीत गळायला एकच जोड असतो आणि तो डोळ्यांसमोर असतो. नवी पत्री भोकापेक्षा सर्व बाजूंनी निदान ३० मिलिमीटर मोठी घ्या, बोल्टची भोके बोल्टपेक्षा दीड-दोन मिलिमीटर मोठी पाडा, बोल्टच्या डोक्याखाली रुंद वॉशर आणि रबर घाला. डोके पत्रीत बसवण्यासाठी निमुळता खड्डा पाडू नका, कारण निमुळते डोके पाचरीसारखे पत्री फोडते. पत्री आणि फायबर यांच्या मधे जाडी राखण्यासाठी फोमची दुहेरी चिकटपट्टी लावा आणि तिच्या बाहेरच्या बाजूला न्यूट्रल सिलिकॉन भरा.

दक्षिणवारा

इथे माझे मत वेगळे आहे. चौकट सरळ असेल तर ती ठेवावी. काचेवर ओरखडे पडत नाहीत, ती उन्हाने धुरकट होत नाही, आणि ब्युटाइलने बसवलेली चौकट पुढच्या मालकालाही सहज काढता येते. न्यूट्रल सिलिकॉनने चिकटवलेली पत्री काढणे म्हणजे पुन्हा तोच अवशेष घासत बसणे. शिवाय नदीवर या बोटींचे जे रूप लोकांना आवडते त्यात त्या गोल कोपऱ्यांच्या चकचकीत चौकटींचा मोठा वाटा आहे. चौकट वाकलेली किंवा खाल्लेली असेल तरच पत्रीचा विचार करावा.

काचकाम

पुढच्या रबरातल्या काचांबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. मी बसगाड्यांच्या बॉडी बांधणीच्या कारखान्यात बरीच वर्षे काचा बसवल्या आहेत. तुमचे वर्णन वाचून वाटते की ते दोन खाचांचे रबर आहे: एका खाचेत काच, दुसऱ्या खाचेत गाडीचा पत्रा, म्हणजे तुमच्याकडे फायबर. दर्शनी बाजूला तिसरी अरुंद खाच असेल तर तिच्यात वेगळी पट्टी दाबून भरलेली असते आणि तिच्याच दाबाने रबर दोन्हीकडे घट्ट बसते. जुने रबर ऊन आणि ओझोनने कडक होते व आखडते. त्यात सीलंट भरून ते पूर्ववत होत नाही. बदलणे हाच मार्ग आहे, आणि नवे रबर ईपीडीएमचे, म्हणजे ऊन आणि ओझोनला टिकणाऱ्या कृत्रिम रबराचे, घ्या.

माप घेताना काचेची जाडी आणि फायबरची जाडी व्हर्नियरने मोजा. बसचा पत्रा सगळीकडे एका जाडीचा असतो, पण हाताने थर देऊन बनवलेल्या फायबरची आतली बाजू खडबडीत असते आणि एकाच भोकाच्या कडेला ती एका जागी चार तर दुसऱ्या जागी सात मिलिमीटर भरू शकते. अशी कड कोणत्याही एका मापाच्या रबरात बसणार नाही. आतल्या बाजूने घासून सर्व कडेची जाडी सारखी करा, आणि मगच रबर मागवा. फायबर घासताना तोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

रबर काचेच्या परिघाइतके मोजून कापू नका. किंचित जास्त ठेवा आणि जोड दाबून बसवा. ओढून बसवलेले रबर काही महिन्यांत मूळ लांबीवर येते आणि जोड उघडतो. कोपऱ्यांत तुमचे रबर काचेपासून सुटले आहे, त्यामागे हेही एक कारण असू शकते. जोड वरच्या बाजूला मध्यावर घ्या, आणि दाबपट्टीचा जोड दुसऱ्या जागी.

बसवायची रीत अशी. रबर आधी काचेवर चढवा. मोकळ्या खाचेत सगळीकडून मजबूत गुळगुळीत दोरी बसवा, तिची दोन्ही टोके खाली मध्यभागी एकमेकांवरून घेऊन आतल्या बाजूला सोडा. खाच आणि फायबरची कड साबणाच्या पाण्याने ओली करा. बाहेरून एकाने काच भोकावर तळहाताने दाबून धरावी आणि आतून दुसऱ्याने दोरी सावकाश ओढावी, म्हणजे रबराचा ओठ कडेवरून आत उलटत जातो. शेवटी दाबपट्टी तिच्या हत्याराने भरा. तेल किंवा ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगते.

एक सूचना काचेबद्दल. काचेच्या कोपऱ्यात टफन्ड (तापवून मजबूत केलेली) किंवा लॅमिनेटेड (मधे प्लास्टिकचा थर असलेली) असल्याची खूण आहे का ते पाहा. खूण नसेल तर ती साधी काच असू शकते, आणि समोरच्या जागी साधी काच धोक्याची आहे. नवी टफन्ड काच घ्यायची असेल तर पुठ्ठ्याचा किंवा प्लायवुडचा अचूक नमुना करून द्या. टफन्ड काच एकदा तयार झाली की तिला कापता किंवा घासता येत नाही.

थेम्सकाठी

सर्वांचे मनापासून आभार. डाव्या बाजूची स्थिर खिडकी काढली. चौकट सरळ निघाली, जोडही चांगला आहे, त्यामुळे ती ठेवण्याचे ठरवले आहे. ॲक्रिलिकच्या जागी मात्र खाडीवरचा यांनी सांगितल्याप्रमाणे नव्या पत्र्या बसवणार आहोत. पुढच्या काचांवर खूण सापडली, फक्त रबर बदलायचे आहे.

एक नवा प्रश्न आहे. केबिनची बाजू घन फायबरची आहे, पण खिडकीखाली एका भागात दोन थरांमध्ये प्लायवुडची पट्टी घातलेली दिसते. भोकाच्या कडेला ते लाकूड काळे पडले असून बोटाने दाबले तर मऊ लागते. कठड्याच्या स्क्रूंखालीही तसेच दिसते आहे. जुन्या बोल्टची भोकेही बुजवायची आहेत, कारण नव्या पत्र्यांची भोके वेगळ्या जागी येतील.

खाडीवरचा

मऊ लाकडावर खिडकी बसवू नका, कारण स्क्रू आवळल्यावर दाब येण्याऐवजी लाकूड दबेल. कडेपासून आत जितके कुजलेले असेल तितके वाकड्या खिळ्याने किंवा बारीक पटाशीने कोरून काढा, आणि चांगले लाकूड लागल्यावरही साधारण दहा मिलिमीटर पोकळी सर्व कडेने ठेवा. मग ते पूर्ण वाळू द्या. तुमच्याकडच्या हवेत याला वेळ लागेल. ताडपत्रीखाली छोटा हीटर किंवा हवेतली आर्द्रता शोषणारे यंत्र लावा. ओल्या लाकडावर रेझिन भरले तर ओल आत कोंडते.

वाळल्यावर आधी पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारे रेझिन) ब्रशने आत मुरवा आणि ते चिकट असतानाच पूड घालून घट्ट केलेले इपॉक्सी भरा. इथे पॉलिएस्टर रेझिनपेक्षा इपॉक्सी घ्या, कारण जुन्या फायबरला आणि लाकडाला ते अधिक चांगले धरते. कठड्याच्या प्रत्येक स्क्रूसाठीही हीच रीत: भोक मोठे करा, घट्ट इपॉक्सीने भरा, सुकल्यावर मधोमध नवे भोक पाडा. त्यामुळे पुढे कधी सीलंट सुटले तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचणार नाही. नव्या भोकाच्या तोंडाला किंचित निमुळती कड घासून घ्या, म्हणजे सीलंटचे कडे तिथे बसेल.

बोल्टची जुनी भोके दोन्ही बाजूंनी उथळ बशीसारखी घासा, आतून फायबर मॅटचे दोन-तीन थर द्या आणि बाहेरून भरून सपाट करा. इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट नेहमी नीट धरत नाही, म्हणून जिथे बाहेर जेलकोट दिसणार आहे तिथे पॉलिएस्टर वापरले तरी चालेल. पत्रीखाली झाकल्या जाणाऱ्या भोकांना इपॉक्सीच ठीक.

रसायन

दोन गोष्टी राहून गेल्या. सीलंट आणि इपॉक्सी दोन्हींना तापमान लागते; डब्यावर किमान तापमान दिलेले असते आणि थंड, दमट दिवशी इपॉक्सीचा पृष्ठभाग चिकट राहतो. त्यामुळे तुमच्याकडे हे काम एप्रिल ते सप्टेंबर या काळात करणे श्रेयस्कर.

दुसरी गोष्ट सुरक्षेची आहे. गळक्या खिडक्यांतून आजवर जी हवा खेळत होती ती आता थांबेल. बोटीत गॅसची शेगडी किंवा हीटर असेल तर बांधणीच्या वेळी ठेवलेली वायुवीजनाची भोके मोकळी आहेत ना, हे पाहा. तुमच्याकडच्या बोट सेफ्टी स्कीममध्ये, म्हणजे नद्या-कालव्यांवरच्या बोटींच्या सुरक्षा तपासणीच्या योजनेत, केबिन असलेल्या बहुतेक बोटींना १ एप्रिल २०१९ पासून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आवश्यक आहे. तो आहे का, आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, हे खिडक्या बसवण्याआधीच तपासा.

थेम्सकाठी

अलार्म आहे, पण त्याची मुदत संपत आली आहे, नवा मागवला. मागच्या दाराखालचे एक वायुवीजनाचे भोक आधीच्या मालकाने फोमने बंद केलेले आढळले, ते मोकळे केले. पुढच्या काचांसाठी रबराचे छोटे नमुने मागवले आहेत. फायबरची कड बहुतेक ठिकाणी साडेपाच मिलिमीटर आहे, एका कोपऱ्यात ती जवळजवळ आठ भरते. तो कोपरा आतून घासून झाला की नमुने बसवून पाहीन आणि कोणते माप बसले ते इथेच लिहीन.